रेघ स्थिर, पट्टी लवचिक

महाराष्ट्रातल्या दहावीच्या निकालाचे तीन आकडे शेजारी शेजारी मांडू. २०१८ साली उत्तीर्णांचे प्रमाण ८९.४१ टक्के होते, २०१९ साली ते ७७.१० वर आले आणि २०२० साली ९५.३० वर पोहोचले. एका वर्षात बारा टक्क्यांची घसरण आणि लगेच पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांची उसळी. ही परीक्षा दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले देतात. एवढ्या मोठ्या समूहाची समज किंवा त्याला शिकवणाऱ्यांची कुवत बारा महिन्यांत अशी खाली-वर होत नसते. राज्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलांची सरासरी उंची यंदा दोन इंचांनी घटली आणि पुढच्या वर्षी तीन इंचांनी वाढली असे कुणी सांगितले, तर आपण मुलांना सोडून आधी मोजपट्टी तपासायला घेऊ. दहावीच्या बाबतीत मात्र २०१९ च्या जूनमध्ये घरोघर झडती झाली ती मुलांचीच.

पट्टीला काय झाले होते, हे खरे तर गुपित नव्हते. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले शाळेच्या हातातले वीस गुण काढून घेण्यात आले होते. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकेही त्याच वर्षी बदलली होती, त्यामुळे सगळी घसरण त्या वीस गुणांच्या खाती टाकता येणार नाही. पण २०२० साली पुस्तके तीच राहिली, वीस गुण परत आले आणि निकाल आधीच्या उंचीच्याही वर गेला. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण दिले गेले, याचाही थोडा हात त्यात असेल. तरी सारी उसळी एका पेपरने येत नाही. हिशेब साधा आहे. उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस हवेत आणि शाळेने वीसपैकी अठरा दिले, तर लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सतरा पुरतात. म्हणजे गुणपत्रिकेवर पस्तीसची रेघ दिसते आणि लेखी उत्तरपत्रिकेवर ती प्रत्यक्षात एकवीस टक्क्यांच्या आसपास पडलेली असते. २०१९ साली रेघ कुणी वर ओढली नव्हती. तिच्याखालचा पाट तेवढा काढून घेतला होता.

राज्यव्यापी परीक्षा कशी घडते आणि कशी तपासली जाते, याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना निकालाच्या टक्केवारीपासून सुरू करण्याचे कारण हेच. परीक्षेतला गुण म्हणजे तापमापीवर वाचलेला अंश नव्हे. कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या उत्तराला किती द्यायचे, मिळालेल्या बेरजेचे कोणत्या मापात रूपांतर करायचे आणि पास-नापासाची रेघ कुठे ओढायची, अशा माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून तो आकडा तयार होतो. यात लबाडी काही नाही. जगातली प्रत्येक मोठी परीक्षा अशीच घडते आणि अशीच घडणार. माझे म्हणणे पुढचे आहे. आपण यातला शेवटचा निर्णय, म्हणजे रेघेचा, जवळजवळ श्रद्धेचा विषय करून टाकला आहे. पस्तीस म्हणजे पस्तीस. पण पेपर कधी सोपा निघतो, कधी अवघड. सरकारे बदलतात, साथी येतात, पालक रस्त्यावर उतरतात. या सगळ्याला कुठेतरी जागा करून द्यावीच लागते. रेघ हलवायची नाही असे एकदा ठरले, की पट्टी ताणावी लागते आणि पट्टी ताणण्याचे काम कधीच उघड्यावर होत नाही.

ही पट्टी कशी बनते ते पाहू. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ च्या जानेवारीत अस्तित्वात आले आणि आज त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत. गोपनीयतेच्या बाबतीत या यंत्रणेला नावे ठेवता येणार नाहीत. सीलबंद पाकिटे, कस्टडी, केंद्रसंचालक, उत्तरपत्रिकेवर बारकोड, बैठक क्रमांक झाकणारे होलोक्राफ्ट स्टिकर, मग परीक्षक, त्याच्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक अशी उतरंड. सगळा बंदोबस्त चोर पकडण्यासाठी आहे आणि चोर असतातही. कॉपीमुक्त अभियान दरवर्षी नव्याने जाहीर करावे लागते यातच सगळे आले. पण पेपर फुटला नाही म्हणजे पेपर चांगला झाला, असे होत नाही. आपला प्रश्नपत्रिकासंच तज्ज्ञ शिक्षक तयार करतात, दुसरे तज्ज्ञ तो तपासतात आणि मग तो थेट पंधरा लाख मुलांपुढे येतो. एखादा प्रश्न नेमका किती अवघड आहे, हुशार आणि कच्च्या मुलांत तो फरक करतो की दोघांनाही सारखाच गोंधळात टाकतो, हे त्या दिवसापर्यंत कुणीच मोजलेले नसते. औषधाची गोळी आधी थोड्या लोकांवर वापरून पाहतात. पेपराची पहिली चाचणी आणि शेवटचा वापर एकाच सकाळी अकरा वाजता होतो.

अमेरिकेतल्या राज्यांनी यावर काढलेला तोडगा समजून घेण्यासारखा आहे. टेक्सास किंवा न्यू यॉर्कच्या शालेय चाचण्यांत काही प्रश्न असे घुसवलेले असतात की ज्यांचे गुण मुलाला मिळतच नाहीत. मूल ते सोडवते आणि त्याच्या उत्तरांवरून प्रश्नाची परीक्षा होते. किती टक्के मुलांना तो जमला, ज्यांचा बाकी पेपर चांगला गेला त्यांनाच तो जमला का, मुलींना किंवा एखाद्या समाजगटाला तो विनाकारण जड गेला का, हे पाहून मगच तो पुढच्या वर्षीच्या खऱ्या पेपरात येतो. शिवाय दोन वर्षांच्या पेपरांत काही प्रश्न सामाईक ठेवले, तर यंदाचा पेपर गेल्या वर्षीपेक्षा किती सोपा होता हे काढता येते आणि तेवढी भरपाई गुणांत करता येते. यामागचे गणित डॅनिश गणिती गेओर्ग राश यांच्या १९६० च्या पुस्तकापासून पक्के झालेले आहे. कल्पना सोपी आहे: प्रश्नाचा अवघडपणा आणि मुलाची कुवत एकाच पट्टीवर मांडायची, दोन्ही एकाच जागी आली तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी धरायची. मुलाच्या हाती पडतो तो अशा पट्टीवरचा आकडा, नुसती बेरीज नव्हे. आपल्याकडे पेपर सुटताच प्रश्नपत्रिका सगळ्यांच्या हाती असते आणि दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांची उत्तरे बाजारात येतात. हा खुलेपणा मोलाचा आहे, पण त्याची किंमतही मोजावी लागते. सामाईक प्रश्न ठेवण्याची सोय उरत नाही आणि २०१८ चे सत्तर गुण २०१९ च्या सत्तर गुणांइतकेच आहेत का, या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

तपासणीची बाजू त्याहून नाजूक. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोन अभ्यासकांनी एकाच विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांना पाठवली. इंग्रजीच्या निबंधात फरक पडणार हे अपेक्षितच होते. पण भूमितीच्या पेपरातही कुणी तीसच्या आत गुण दिले, तर कुणी नव्वदच्या वर. एकाने पायऱ्यांना गुण दिले, दुसऱ्याने अक्षरावर कापले, तिसऱ्याने उत्तर चुकले म्हणून सगळेच सोडून दिले. तेव्हापासून आजवर परीक्षाशास्त्राचा निम्मा खटाटोप हा फरक आटोक्यात आणण्याचा आहे: आदर्श उत्तरपत्रिका, गुणदान योजना, नियामकांच्या बैठका, नमुना फेरतपासणी. आपले मंडळ यातले बरेच काही करते आणि छायाप्रत व पुनर्मूल्यांकनाची सोयही देते. भारतात हे भान परदेशी वाऱ्याबरोबर कालपरवा आले असेही नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम १९५७-५८ मध्ये परीक्षा सुधारणेसाठी इथे आले होते आणि त्यांच्या विचारांची छाप आपल्या प्रश्नपत्रिकांच्या आराखड्यांवर अजून आहे. ज्ञान, आकलन, उपयोजन असे रकाने भरून पेपर काढणाऱ्या शिक्षकांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या, मग त्या रकान्यांचा मूळ धनी त्यांना ठाऊक असो वा नसो. तरीही एका परीक्षकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना दोन-चार गुणांचा फरक पडणे अटळ आहे आणि त्यात कुणाचा अपराध नाही. अकरावीच्या प्रवेशयादीत मात्र दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर मुलांची महाविद्यालये बदलतात. ज्या पट्टीवर इंचाच्याच खुणा आहेत, तिच्यावर आपण मिलिमीटर मोजत असतो.

रेघ कुठे ओढायची, हा प्रश्नही अमेरिकी पद्धतीत उघडपणे विचारला जातो. १९७१ मध्ये विल्यम अँगॉफ यांच्या लेखनातून रूढ झालेली रीत अशी: अनुभवी शिक्षकांची समिती बसवायची आणि प्रत्येकाला सांगायचे की जेमतेम उत्तीर्ण व्हावे असे मूल डोळ्यांसमोर आणा, अशा शंभर मुलांपैकी किती जणांना हा प्रश्न जमेल? प्रत्येक प्रश्नाचा असा अंदाज घेऊन बेरीज केली की रेघ मिळते. ती निसर्गात कुठे सापडत नाही, माणसांनीच बसून ठरवलेली असते आणि त्या पद्धतीत ते लपवलेही जात नाही. त्यामुळे गमतीदार वाटावे असे प्रकार घडतात. न्यू यॉर्कच्या रीजंट्स परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ६५ लागतात. पण बीजगणिताच्या पेपरात एकूण गुणांच्या एक-तृतीयांशाच्या आसपास मिळवले तरी रूपांतराच्या तक्त्यात ते ६५ होतात. आपल्या पालकाला ही सरळ फसवणूक वाटेल. मला ती आपल्या सतरा-अधिक-अठरा-बरोबर-पस्तीसपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, कारण तो तक्ता छापील असतो आणि प्रत्येक परीक्षेबरोबर सगळ्यांना पाहता येतो.

अमेरिकी राज्यांकडे सगळे आलबेल आहे, असा याचा अर्थ नाही. इथेच पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो: गुणांचे रूपांतर करण्याचा आणि रेघ हलवण्याचा अधिकार कुणाच्या हाती दिला, की तो राजकारणाच्या हाती जाणारच. हे खरे आहे आणि त्याचे ठळक उदाहरण न्यू यॉर्कचेच आहे. तिथे २००९ साली तिसरी ते आठवीच्या गणितात ८६ टक्के मुले प्रवीण ठरली होती. चाचणी वर्षानुवर्षे ओळखीची होत गेली होती, शिक्षक नेमके काय येणार ते हेरून शिकवत होते आणि गुण वाढत होते. चाचण्यांचे अभ्यासक डॅनिएल कोरेट्झ ज्याला गुणांचा फुगवटा म्हणतात तो हाच: चाचणीतले गुण वाढतात, पण त्याच विषयाची दुसरी, अनोळखी चाचणी दिली तर ती वाढ तिथे दिसत नाही. तेव्हाचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्टायनर यांनी या संशयाचा अभ्यास करवून घेतला आणि २०१० मध्ये रेघ वर नेली. एका वर्षात गणितातल्या प्रवीण मुलांचे प्रमाण ८६ वरून ६१ टक्क्यांवर आले. पालक संतापले, शाळा हादरल्या. २०१९ चा महाराष्ट्र आणि २०१० चे न्यू यॉर्क वरवर सारखेच दिसतात. पण तिथे कुणी, कधी, कशासाठी आणि किती हलवले हे नोंदलेले आहे. राजकारण असेल तर त्याचा माग काढता येतो. इकडे शाळाशाळांतल्या तोंडी परीक्षांत कुणी सोळा दिले, कुणी वीस, त्याचा माग कुठे लागणार? पट्टी ताणणारे हजारो हात असतात आणि एकही सही नसते.

दुसरा आक्षेप अधिक मराठी आहे. सरळ बेरजेचे गुण सामान्य माणसाला समजतात, हे तुमचे राश आणि रूपांतर कुणाला कळणार? आक्षेपाचा पहिला भाग मला अर्धाच मान्य आहे. बेरीज समजते, पण तिचा अर्थ समजत नाही. २०२५ च्या दहावीत २११ मुलांना शंभर टक्के मिळाले आणि त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली होती. सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरायचे आणि त्यांत कला-क्रीडेचे वाढीव गुण मिळवायचे, या नियमांचा या शंभरांत मोठा वाटा आहे. हे दोन्ही नियम वाईट नाहीत. पहिला तर न्यायालयांची पायरी चढून आला आहे: २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. पण ‘शंभर टक्के’ हे शब्द ऐकून सामान्य माणसाला जे समजते, ते त्या आकड्यात नसते. आता दुसरा भाग. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पहिल्या वर्षी गोंधळ झाला असेल, पण आज नांदेडच्या आणि सांगलीच्या बसस्टँडवर बारावीची मुले पर्सेंटाइल आणि टक्के यांतला फरक एकमेकांना न चुकता समजावून सांगतात. ज्या गोष्टीवर प्रवेश अवलंबून असतो ती लोक शिकतात. लोकांना कळणार नाही ही चिंता बहुधा सांगणाऱ्याच्या सोयीची असते. पर्सेंटाइललाही मर्यादा आहेतच: तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते तो सांगतो, पण जिना किती उंच आहे हे सांगत नाही. तसेच सगळ्या सत्रांतली मुले सरासरीने सारखीच आहेत हे त्यात गृहीत धरावे लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे आणि मला तो सर्वांत धोकादायक वाटतो. गुण जर असे माणसांनी घडवलेले असतील, तर या परीक्षाच बंद करा, शाळेलाच मूल्यमापन करू द्या. हा प्रयोग आपण नाइलाजाने करून पाहिला आहे. २०२१ मध्ये महामारीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. त्या आकड्यातून कुणाविषयी काहीच कळत नव्हते, म्हणून अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा जाहीर झाली आणि ती उच्च न्यायालयाने रद्द केली. शाळांना दोष देण्यात अर्थ नाही. स्वतःच्या मुलांना स्वतः गुण देणारा आणि त्याच गुणांवर ज्याची पत ठरते असा कुणीही हेच करील. बाहेरच्या, अनोळखी परीक्षकाने नाव न पाहता तपासलेली उत्तरपत्रिका हे ज्या मुलाच्या घराला गावात वजन नाही त्याचे मोठे संरक्षण आहे. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेतून रानडे आणि भांडारकर पुढे आले, तेव्हापासून या समाजाने परीक्षेवर जो विश्वास टाकला आहे त्याला हा आधार आहे. परीक्षा काढून टाकली की ओळखपाळख आणि फीचे आकडे तिची जागा घेतात.

मग सैल पट्टीने बिघडते कुणाचे? मुले पास होताहेत, घरात पेढे वाटले जाताहेत, तक्रार कशाची? याचे उत्तर पुन्हा २०१९ च्या निकालात आहे, यावेळी विभागवार तक्त्यात. त्या वर्षी कोकण विभागाचा निकाल ८८.३८ टक्के होता आणि नागपूर विभागाचा ६७.२७. एकवीस टक्क्यांचे अंतर. २०२५ मध्ये कोकण ९८.८२ वर होता आणि नागपूर ९०.७८ वर, अंतर आठ टक्क्यांचे. शंभराच्या जवळ गेल्यावर अंतरे आक्रसणारच, हे मान्य. आणि मधल्या सहा वर्षांत नागपूर विभागात शिकवणे सुधारले असेल तर आनंदच आहे. पण सुधारणा किती आणि पट्टीचा ताण किती, हे या आकड्यांतून वेगळे करता येत नाही आणि नेमकी हीच अडचण आहे. गडचिरोलीच्या एखाद्या आश्रमशाळेत गणिताचा शिक्षक दोन वर्षे नसेल, तर ती बातमी निकालाच्या तक्त्यातून मुंबईत पोहोचायला हवी. शाळेच्या वीस गुणांत ती विरघळून जाते. मूल पुढच्या वर्गात जाते आणि अकरावी-बारावीत ते एकटे, स्वतःच्या खर्चाने, ती बातमी सोसते. राज्याने आपली शाळा किती शिकवते हे तपासावे म्हणून केलेली चाचणी आणि मुलाला पुढे जाऊ द्यायचे की नाही हे ठरवणारी चाचणी, ही दोन वेगळी कामे आहेत. आपण ती एकाच पेपरावर लादली आहेत आणि दुसऱ्याची दया पहिल्याचा पुरावा पुसून टाकते.

रेघ उघडपणे हलवण्याची सूचना आपल्याकडे मधे एकदा आली होती. राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने २०२४ मध्ये असे पुढे आले, की गणित आणि विज्ञानात वीस गुणांना मुलाला पुढे जाऊ द्यावे, मात्र त्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. दर्जा घसरल्याची ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी लेखी परीक्षेतल्या सतरा गुणांचा हिशेब मांडला होता. त्या सूचनेच्या गुणदोषांविषयी मतभेद होऊ शकतात. मलाही पंधराव्या वर्षी मुलाच्या कपाळी असा शेरा मारणे पटत नाही. पण वीस म्हणताना ती सूचना वीसच म्हणत होती.

पुढच्या प्रकरणांत प्रश्नाचा जन्म, त्याची चाचणी, गुणदान, रूपांतर आणि रेघ असा क्रम आहे. गणित येणाऱ्याने तक्ते वाचावेत, न येणाऱ्याने ते वगळून पुढे जावे. काही बिघडत नाही. वाचताना एक मागणी मनाशी ठेवली तर तक्त्यांना अर्थ येईल. शाळांनी दिलेले गुण आणि लेखी परीक्षेचे गुण मंडळाकडे वेगवेगळे येतात आणि निकालाच्या दिवशी एकत्र होऊन बाहेर पडतात. ते विषयवार, तालुकावार, मुलांची नावे न देता वेगळे छापायला नवा कायदा लागत नाही, नवे सॉफ्टवेअरही लागत नाही. २०१९ मध्ये ते आपल्याला ओझरते दिसले, तेही कुणी दाखवायचे ठरवले म्हणून नव्हे, आणि त्याच ऑगस्टमध्ये वीस गुण परत देऊन पडदा पाडण्यात आला.